बँक बुडाली तर एफडीचे शेअर होणार? ते बिल कधीच मागे घेतलंय

परत तोच मेसेज फिरतोय, की सरकारने कायदा केलाय आणि बँक बुडाली की तुमच्या एफडीचे पैसे कापून बँकेचे शेअर हातात देणार. असा कायदा नाहीये. २०१७ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत एफआरडीआय बिल (बुडणाऱ्या बँका-वित्तसंस्थांचं काय करायचं याचं) आलं होतं, त्यात 'बेल-इन'चं, म्हणजे ठेवीदारांच्या पैशातून बँक सावरायचं, कलम होतं हे खरं, पण लोक भडकले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं.

आज नियम असा आहे की डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची ठेवींचा विमा देणारी कंपनी) विमा ५ लाखांपर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख होता. आणि हे ५ लाख मुद्दल अधिक व्याज धरून, एका बँकेत एका माणसाला, म्हणजे त्याच बँकेच्या चार शाखांत चार एफडी केल्या तरी बेरीज एकच (इथे बरेच जण फसतात). २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घालून पैसे अडकवले तर साधारण ९० दिवसांत ही विम्याची रक्कम मिळायला हवी, बँक पूर्ण बुडायची वाट बघावी लागत नाही.

पण ५ लाखांवरचं काय? त्याची गॅरंटी नाही, पीएमसी बँकेच्या मोठ्या ठेवीदारांना विचारा, २०२२ मध्ये युनिटी बँकेत विलीनीकरण झालं आणि पूर्ण रक्कम मिळायला १० वर्षांपर्यंतचे हप्ते.

आणि पतसंस्थेला हा विमा लागूच नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.