2038 चे शेअर आणि माझी जुनी सर्टिफिकेटं

मडगावकर, नमस्कार. (नाव दिलेलं नाहीत, तेव्हा गावावरूनच हाक मारतो.) तुमचं म्हणणं असं, की वायटूकेवर (जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे असायचे, त्यामुळे 2000 साल 1900 धरलं जाईल, ही भीती; तिच्या दुरुस्तीवर) आपल्या आयटी कंपन्या मोठ्या झाल्या, ते शेअर धरणारे तरले, आता संगणकांच्या तारखेच्या तशाच 2038 च्या बगसाठी तुम्ही चार कंपन्यांची नावं दिलीत, आणि मी मात्र ‘2038 च्या बगवर पैसे लावू नका’ म्हणून लोकांना उगाच घाबरवतोय.

आधी चूक कबूल. मागच्या लेखात मी वायटूकेला बागुलबुवा म्हटलं, ते चुकलंच. 31 डिसेंबर 1999 च्या रात्री फारसं काही कोसळलं नाही, कारण आधीची काही वर्षं प्रोग्रामर कोबोल या जुन्या संगणकी भाषेतल्या ओळीन् ओळी चाळत बसले होते. पण काम कसलं होतं तेही बघा. पुष्कळ ठिकाणी सालाचे दोन आकडे चार केलेच नाहीत. ‘50 च्या खालचा आकडा आला की 2000 नंतरचं साल धर’ अशी अट घालून मोकळे झाले. असलं काम एकदाच मिळतं. इन्फोसिससारख्यांचं भलं झालं ते या निमित्ताने अमेरिकी गिऱ्हाईक जोडलं गेलं आणि पुढची कामंही मिळत राहिली म्हणून.

मी स्वतः डिसेंबर 1999 मध्ये, पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या एका सब-ब्रोकरच्या सांगण्यावरून, ‘वायटूकेवाल्या’ एका लहान कंपनीचे शेअर घेतले. पुढचं काम काय, हे विचारायचं सुचलंच नाही. मार्च 2000 मध्ये नॅसडॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक 5000 वर जाऊन घसरला, आमची कंपनी त्याआधीच गार पडली होती. सर्टिफिकेटं अजून फोंड्याच्या घरी कपाटात आहेत, डांबरगोळ्यांचा वास मारतात.

आता 2038. जुन्या 32 बिटांच्या सिस्टिम 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. ती मोजणी 19 जानेवारी 2038 ला भरते, आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, आणि पुढे तारीख चुकते. तोवर पोदेर पाव टाकून गेलेला असेल. संगणक बदलतात तसा हा बग बराचसा आपोआप निघतोय. उरतील ती यंत्रांत वर्षानुवर्षं बसलेली जुनी कंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारे छोटे संगणक. ती बदलण्याचं काम यंत्र बनवणाऱ्याकडेच जाईल, सॉफ्टवेअर कंपनीच्या वाट्याला किती?

तुम्ही दिलेल्या चार नावांपैकी एकीच्या तरी वार्षिक अहवालात 2038 च्या कामाची कमाई वेगळी दाखवलेली सापडली, तर पान क्रमांक कळवा. लेख दुरुस्त करतो.