बुटांचं आत्मवृत्त

शाळेचा प्रोजेक्ट म्हणजे आईबापांचा गृहपाठ, हे मुंबईत आता कुणी नाकारत नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून कार्डशीट आणायचे आणि रात्री बारा वाजता ग्लू गन तापवायची. ज्वालामुखीपुरतं ठीक आहे. पण भाचीला नववीत रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही पहिल्या महायुद्धातल्या जर्मन शिपायांची कादंबरी लावलीय आणि प्रोजेक्ट काय, तर खंदकाचं मॉडेल! सजावटीला वेगळे मार्क.

खंदक करायला कादंबरी उघडावीही लागत नाही, यूट्यूब पुरतं. पुस्तक न वाचता जो प्रोजेक्ट होतो, तो चित्रकलेच्या तासाला द्यावा.

त्यापेक्षा कादंबरीतल्या केमेरिख या शिपायाचे बूट घ्या. त्याचा पाय कापलाय, तो मरायला टेकलाय आणि भेटायला आलेल्या म्युलर या सोबत्याची नजर त्याच्या उंची बुटांवर. पुढे ते बूट म्युलरकडे जातात, तो मेल्यावर कादंबरीचा नायक पॉलकडे, आणि पॉलनंतर कुणाला तेही ठरलेलं. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' आपण सगळ्यांनी लिहिलंय. मग या बुटांचं लिहायला लावा की! अट एकच, बुटांनी रडायचं नाही. मुलं आधी म्युलरला दुष्ट ठरवतील. केमेरिखला त्या बुटांचा उपयोग असता, तर हाच म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी गेला असता, असं रेमार्क लिहितो. ते वाक्य शोधायला पुस्तक पुन्हा उघडावंच लागेल.

दुसरा प्रोजेक्ट पत्रांचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून आपले शिपाई घरी लिहीत, ती पत्रं ब्रिटिश सेन्सॉर वाचत. मग शिपाई मसाल्यांच्या भाषेत लिहायचे. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, हे वाचून घरच्यांनी काय ते ओळखायचं. वर्गात निम्म्या मुलांनी पॉल होऊन आईला लिहावं, उरलेल्यांनी काळा मार्कर घेऊन सेन्सॉर व्हावं. काय पोचलं, काय खोडलं, यावर तासभर भांडू द्या.

हे युद्ध लांबचं वाटत असेल तर मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात जीव गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. कोकणातून बोटीवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी. वर्गात एखाद्याचे खापरपणजोबा निघायचे.

बाईंची अडचणही मला दिसते. पन्नास-साठ मॉडेलं टेबलावर मांडली की दहा मिनिटांत मार्क देऊन होतात, तेवढी पत्रं वाचायला रविवार जातो. म्हणून अर्ध्या पानाची मर्यादा घाला आणि शेजारी कादंबरीतला पान नंबर सक्तीचा करा. गुगलवरून उचललेलं तिथेच पकडलं जातं.

हे कुणी वर्गात करून बघितलं असेल तर खाली लिहा. सेन्सॉर झालेल्या पोरांनी काय काय खोडलं, ते मला वाचायचंय.