वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही

चौकातला जुना वाडा पाडला की तिथल्या चहावाल्याचा, शिंप्याचा भाडेहक्क संपतो, असा मेसेज सध्या फिरतोय. हे चूक आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की, इमारत पाडली गेली तरी जमिनीवरची भाडेदारी टिकते. पुनर्बांधणीसाठी गाळा रिकामा करून हवा असेल आणि भाडेकरू राजी नसेल, तर मालकाला १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली न्यायालयात जावं लागतं. नव्या इमारतीचे नकाशे, पैशांची तयारी दाखवावी लागते. नुसत्या नोटिशीवर कुलूप लावता येत नाही. भाडेपावत्या जपा. आणि तोंडी शब्दावर किल्ली मुळीच देऊ नका! नव्या इमारतीत नेमका कोणता गाळा, किती चौरस फूट, हे नोंदणीकृत करारात लिहून घ्या. कोपऱ्यावरचं दुकान मागच्या बोळात गेलं, तर गिऱ्हाईक तुटतं.