बेंचवरचा टॅब आणि क्रोनिएचा इअरपीस: तुलनाच चुकली आहे

‘क्रोनिएच्या कानातला इअरपीस काढायला लावला होता ना? मग बास्केटबॉलचा कोच बेंचवर टॅबवर चालू सामन्याच्या क्लिप घेऊन बसतो तीही फसवणूकच. खेळाडू कळसूत्री बाहुल्या होतात, पंचांवर दबाव येतो. सरसकट बंदी घाला.’ या आशयाची पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. वाचताक्षणी पटते, म्हणून तर तिचा समाचार घ्यायला हवा.

आधी क्रोनिएचं. १५ मे १९९९, होव्ह, विश्वचषकातला भारत-दक्षिण आफ्रिका सामना. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि गोलंदाज ॲलन डोनल्ड कानात इअरपीस घालून मैदानात उतरले. पलीकडून बोलणार होते कोच बॉब वूल्मर. सामनाधिकारी तलत अली यांनी ते इअरपीस काढायला लावले आणि माझ्या मते योग्यच केलं. क्रिकेटमध्ये क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतले बदल हे मैदानावर उभ्या असलेल्या कर्णधाराचं काम. प्रत्येक चेंडूआधी कोच कानात बोलू लागला, तर कर्णधार उरतो कशाला?

बास्केटबॉलमध्ये ही अडचणच नाही. कोच साइडलाइनला उभा असतो. खेळ चालू असताना ओरडून सांगतो, बोटांच्या खुणांनी पुढची चाल ठरवतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार खेळ थांबवून संघाशी बोलायला पहिल्या हाफमध्ये २ आणि दुसऱ्या हाफमध्ये ३ टाइमआउट मिळतात, प्रत्येकी १ मिनिटाचे. जे सांगायची मुभा आधीपासून आहे, तेच चित्र दाखवून सांगितलं तर त्यात फसवणूक कसली?

आता कळसूत्री बाहुल्या. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा एखादा सामना बेंचकडे लक्ष ठेवून बघा. बदली झालेला खेळाडू घाम पुसत बसतो. सहायक कोच टॅब त्याच्या गुडघ्यावर ठेवतो, क्लिप थांबवतो, बोट टेकवतो: त्यांच्या खेळाडूने मध्ये उभं राहून तुझी वाट अडवली तेव्हा तू इथे होतास, पाऊलभर आधी सरकायला हवं होतंस. बस्स. पुन्हा कोर्टवर गेल्यावर बास्केटकडे चेंडू टाकायला २४ सेकंद आणि अंगावर येणारा बचावपटू. तिथे टॅब नसतो, निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

पंचांवरच्या दबावाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. चुकलेला निर्णय टॅबवर दिसला की तापलेला कोच तो पंचांच्या नाकासमोर नाचवणार, ही भीती खरी आहे. पण त्यासाठी टॅब काढून घ्यावा लागत नाही. अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये कोचिंगसाठी असं उपकरण चालतं, पंचांचा निर्णय तपासण्यासाठी चालत नाही. एनबीएने २०१९-२० च्या मोसमात कोचला ‘चॅलेंज’चा, म्हणजे पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क दिला. टाइमआउट घ्यायचा, हवेत बोट फिरवायचं, मग रिप्ले बघून निर्णय होतो. चॅलेंज फसलं तर टाइमआउटही जातो. कोचचा टॅब पुरावा म्हणून कोणी मागत नाही.

पोस्टमध्ये जिचा उल्लेखच नाही ती अडचण मला सगळ्यात मोठी वाटते: विषमता. एका संघाकडे कॅमेरा आणि क्लिप कापून देणारा माणूस, दुसऱ्याच्या कोचकडे वही-पेन. शालेय स्पर्धेत हे चालू देऊ नये. आयोजकांनी एकच कॅमेरा लावून चित्रण दोन्ही बेंचना द्यावं. ते परवडत नसेल, तर त्या स्पर्धेपुरता टॅब दोघांनाही नको. आणि हे पहिल्या सामन्याआधीच, सगळ्या कोचना समोर बसवून ठरवावं.