तैलचित्र गेलेल्या माणसाचं असतं

सुनेनं सासऱ्यांचं पोर्ट्रेट काढावं की काढू नये, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. ते कशात काढावं, याबद्दल मात्र आमच्या घरात प्रत्येकाला मत आहे. नानांचं सहस्रचंद्रदर्शन सप्टेंबरात. दिरांनी हॉल घेतला, जाऊबाईंनी केटरर घेतला, आणि मी रविवारी चित्रकलेच्या क्लासला जाते म्हणून माझ्या वाट्याला नाना आले.

माझा ओढा तैलरंगांकडे. चेहरा रंगवावा तर तेलातच. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, पांढरा, सावलीत थोडी हिरवट झाक, आणि कातडी अशी जिवंत होते की चिमटा काढून बघावा. रंग दोनदोन दिवस ओला राहतो, त्यामुळे गालाचा उजेड हनुवटीच्या सावलीत सावकाश मुरवता येतो. काल वाकडं आलेलं नाक आज खरवडून नव्यानं बसवता येतं. नानांच्या नाकाला ही सोय लागणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मी जाहीर केलं तसा नानांनी पेपर खाली ठेवला.

"तैलचित्र? तैलचित्र गेलेल्या माणसाचं असतं. मंत्री येतात, पडदा ओढतात, हार घालतात. मी अजून इथे बसलोय."

शाळांचे हॉल, बँकांची सभागृहं, ग्रंथालयं, सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. जिवंत माणसाचं एकही तैलचित्र आठवेना. सासूबाईंची हरकत वेगळ्या खात्यातली होती. रंगात जवसाचं तेल असतं हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग जवसाची चटणीच कर, अंगी तरी लागेल." त्यात पावसाळा. खिडक्या बंद, घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि नवऱ्याला वासाआधीच शिंका. शिवाय हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू ओढून घेत घट्ट होतं. वरून कोरडं दिसलं तरी आत वाळतच असतं, म्हणून वॉर्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा म्हणतात. हे मी नानांना सांगायला नको होतं. "बघ," ते सासूबाईंना म्हणाले, "हिचा हिशेब बरोबर पुढच्या वर्षीचा आहे."

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराकडे माझ्या सगळ्या अडचणींवर एकच औषध होतं. "ॲक्रिलिक घ्या मॅडम. वास नाही, तेल नाही, ब्रश नळाखाली धुवा." यातला शब्द न् शब्द खरा. ॲक्रिलिक वाळतंही झटपट, पण ते इतकं झटपट की पंख्याखाली एक गाल रंगवून दुसऱ्याकडे वळावं तर पहिल्यावर कडा धरलेली. दोन छटा एकमेकींत मिसळायच्या तर घरातल्या माणसांसारखं त्यांनाही आधी एका वेळी हजर करावं लागतं. शिवाय ओल्या रंगातलं माध्यम दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून रंग वाळल्यावर गडद दिसतो. नमुना म्हणून नानांचं अर्धं कपाळ रंगवलं आणि चहा टाकायला उठले. परत येते तो नाना चष्मा लावून कागदासमोर उभे.

"मी गोरा होतो. लग्नात तर चांगलाच गोरा होतो. हिला विचार."

सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या.

पेस्टल मी स्वतःच बाद केलं. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी कागदावर कशीबशी टेकलेली, आणि आमच्या मावशी दिसेल त्या वस्तूवरून ओलं फडकं फिरवतात. कोळशाला नकार मोठ्या दिरांचा. ब्लॅक अँड व्हाइट चेहरा पाहिला की खाली 'शोकाकुल परिवार' वाचायची सवय असते म्हणे.

राहिले जलरंग. जलरंगात पोर्ट्रेट म्हणजे धाडस, पण सरांनी धीर दिला. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातातल्या दिव्याची ज्योत तळव्यानं झाकणारी जी बाई आहे, ते चित्र किती लोक राजा रवि वर्मांचं तैलचित्र समजतात! काढलंय सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी, १९४५-४६च्या सुमारास, आणि तेही जलरंगात. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. ऐकून हुरूप आला. घरी पोचेपर्यंत फरकही लक्षात आला. तिथे वडील चित्रकार आणि मुलगी मॉडेल, म्हणून "हलू नकोस" म्हणता येत होतं. इथे सून चित्रकार, सासरे मॉडेल. "नाना, मान जरा डावीकडे" एवढं म्हणायलाही मला आधी चहा विचारावा लागतो.

आणि मिशा. नानांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार, सगळ्या चेहऱ्याचा कारभार त्यांच्याकडे. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरं म्हणजे कागदच. मिशीची जागा कोरी सोडायची, भोवतालचं ओठ-गाल रंगवत आणायचे, आणि मिशी आपोआप उभी राहते. एकदा तिथे रंग ओघळला की गेली. पावसाळ्यात तर कागद वाळता वाळत नाही. गालाचा रंग हळूच मिशीत शिरतो आणि माणूस नुकतंच सोलकढी प्यायल्यासारखा दिसतो.

हे सगळं मी नानांना नीट समजावलं. ते बराच वेळ गप्प बसले.

"म्हणजे सगळं काढणार, फक्त मिशा काढणार नाहीस."

"नाना, न काढताच त्या दिसतील."

"ऐंशी वर्षांच्या माणसाला असलं काही सांगू नये," म्हणून ते फिरायला गेले.

रविवारी मी खिडकीशी खुर्ची मांडली, कागद बोर्डावर ताणून चिकटवला, पाण्याचे दोन वाडगे घेतले. नाना आले ते इस्त्रीचा सदरा घालून, ताठ. मिशा काळ्याभोर. वरचा ओठही जरासा काळा.

"आता लाव रंग," ते म्हणाले. "तुझ्याकडे पांढरा चालत नाही ना?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. ट्यूबमधला काळा पोर्ट्रेटमध्ये वापरायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद, म्हणून मी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकत्र करायला घेतले. करता करता वर पाहिलं तर डोक्यावरचे केस होते तसेच पांढरे.

"ते पुढच्या रविवारी," नाना म्हणाले. "सलूनमध्ये गर्दी होती."