"रायझिंग स्टार पैसे देऊन मिळतो" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

गेले काही आठवडे एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा की अमेरिकेत तरुण वकिलांना मिळणारे 'रायझिंग स्टार', 'वन्स टू वॉच' वगैरे मान पैसे भरून मिळतात, पाच-सहा वर्षांचा वकील पेटंटच्या किंवा कंपन्यांच्या भांडणात फाइली वाहण्यापलीकडे काही करत नाही, कोर्टाने या याद्यांवर बंदी घातली आहे, आणि असल्या मानाचा कुणाला काडीचा उपयोग नाही. मी तिथेच बिझनेस लिटिगेशन, म्हणजे कंपन्यांचे कोर्टातले खटले, करते, सातवं वर्ष चालू आहे, माझं नाव अजून असल्या कुठल्याच यादीत आलेलं नाही, त्यामुळे स्वतःची बाजू लावून धरायला लिहितेय असं कुणी समजू नये. पण वाचून मनापासून वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पैशाचं. 'सुपर लॉयर्स' ही वकिलांच्या याद्या काढणारी संस्था, तिची जी 'रायझिंग स्टार्स' यादी आहे, तिच्यासाठी वय चाळीस किंवा कमी हवं, नाहीतर प्रॅक्टिस दहा वर्षांच्या आतली हवी, आणि एका राज्यातल्या वकिलांपैकी 2.5 टक्क्यांपेक्षा जास्त लोक त्यात घेत नाहीत. नावं मुख्यतः इतर वकील सुचवतात, स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर ते मोजत नाहीत, आपल्याच फर्ममधल्या माणसाचं नाव दिलं तर तितकीच नावं बाहेरच्या फर्ममधली द्यावी लागतात, आणि बाहेरून आलेल्या नावाला वजन जास्त. मग त्यांची माणसं त्या वकिलाचं काम तपासतात. यादीत नाव येण्यासाठी फी नाही. पैसे लागतात ते नंतर, म्हणजे भिंतीवर लावायची पाटी हवी, मासिकात जाहिरात हवी, तर, आणि ते नाही घेतलं तरी नाव यादीत राहतंच. अशीच दुसरी यादी 'बेस्ट लॉयर्स', ती 1981 पासूनची आहे, तिथेही निवड इतर वकिलांच्या मतांवर होते आणि 'वन्स टू वॉच' ही नव्या वकिलांची वेगळी यादी त्यांनी 2020 मध्ये काढली.

आता हेही खरं आहे की विकाऊ मान असतात. मला दर महिन्याला एखादा ईमेल येतो, अभिनंदन, तुमची निवड झाली, अमुक तारखेच्या आत पैसे भरा, आणि पाठवणाऱ्याला मी कुठल्या प्रकारच्या केसेस करते हेही माहीत नसतं. तो धंदा आहे, त्याला जरूर नावं ठेवा. ओळखायची खूण साधी आहे, पैसे निवडीच्या आधी मागितले की नंतर, आणि न भरता नाव राहतं का.

दुसऱ्या मुद्द्याने मला जास्त लागलं, फाइली वाहण्याच्या. पेटंटच्या खटल्यात क्लेममधल्या, म्हणजे शोधातलं नेमकं काय आपलं हे सांगणाऱ्या वाक्यांमधल्या, एखाद्या शब्दाचा अर्थ काय धरायचा यावर अख्खी केस फिरते, आणि तो अर्थ ज्युरी नाही तर जज ठरवतो हे अमेरिकन सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच मार्कमनच्या केसमध्ये सांगितलंय. त्या एका शब्दासाठी पेटंट ऑफिसबरोबर वर्षानुवर्षं झालेला सगळा पत्रव्यवहार कोण वाचतं? ज्युनिअर वाचतो. क्लेमचा एकेक तुकडा समोरच्याच्या प्रॉडक्टशी जुळवून तक्ता तोच बनवतो, पेटंटच्या आधीचं जुनं तंत्रज्ञान तोच शोधून काढतो. यातली बरीच मुलं आधी इंजिनिअर किंवा केमिस्ट असतात, सर्किट बघून त्यांना जे दिसतं ते सीनिअरला दिसेलच असं नाही. पण ब्रीफवर, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी युक्तिवादावर, पहिलं नाव पार्टनरचं, म्हणजे फर्मच्या मालक-वकिलाचं, कोर्टात उभा राहतो पार्टनर. हे पेटंट ऑफिसलाही कळलं, म्हणून पेटंटचे वाद ऐकणाऱ्या त्यांच्या ट्रायल अँड अपील बोर्डाने 2020 मध्ये 'लीप' नावाची योजना सुरू केली, कमी अनुभवाच्या वकिलाला बोलायला उभं केलं तर त्या बाजूला पंधरा मिनिटांपर्यंत जादा वेळ मिळू शकतो. काही फेडरल जज तर आपल्या आदेशातच लिहून ठेवतात की ज्युनिअरला बोलू द्या. फाइली वाहणाऱ्यांसाठी कुणी एवढं करत नाही.

एक बघितलेलं सांगते. ट्रेड सीक्रेटची, म्हणजे कंपनीची गुपितं चोरल्याची, केस होती, आमच्या बाजूचा साक्षीदार एक इंजिनिअर, डिपॉझिशन चालू, म्हणजे ट्रायलच्या आधी कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेली जबानी. फेडरल नियमाप्रमाणे एका माणसाला एका दिवसात सात तासच प्रश्न विचारता येतात. समोरच्या पार्टनरने साडेपाच तास घेतले आणि हाती काही लागलं नाही. मग त्यांची ज्युनिअर, असेल पाचव्या वर्षाची, तिला बोलू दिलं. तिने आवाज न चढवता एकच कागद पुढे सरकवला, लॅपटॉपचा लॉग, एका ओळीवर पिवळं हायलाइट, आणि विचारलं, राजीनामा दिला त्याच्या आदल्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हा पेन ड्राइव्ह कोणी लावला? आमचा माणूस पाण्याचा ग्लास धरून बसला, उत्तर नाही. तीन आठवड्यांत केस सेटल झाली, आमच्या अशिलाच्या मनासारखी नाही. हजारो ओळींतून ती एक ओळ त्या मुलीने काढली होती आणि हे तिच्या फर्मबाहेर फक्त आम्हाला, हरलेल्या बाजूला, माहीत होतं. सेटलमेंट गोपनीय, त्यामुळे तिला बायोडेटात धड लिहिता पण येणार नाही. फेडरल कोर्टातल्या दिवाणी केसेसपैकी जेमतेम एखादा टक्का ट्रायलपर्यंत जातात, मग "किती खटले जिंकले" हे माप या मुलांना लावायचं कसं? समोरच्या वकिलाने नाव सुचवणं हे त्यातल्या त्यात खरं माप आहे.

बंदीचं म्हणाल तर ती अर्धी गोष्ट आहे. न्यू जर्सीमध्ये वकिलांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या कमिटीने 2006 मध्ये असे मान जाहिरातीत वापरायला मनाई केली होती, बरोबर. पण तिथल्याच सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये तो निर्णय रद्द केला. आज तिथे वापरता येतो, फक्त मान कोणी दिला आणि निवड कशी होते ते सांगावं लागतं, आणि कोर्टाची याला मान्यता नाही असं लिहावं लागतं. वकिलांना जाहिरातीचा हक्क तर 1977 पासूनच आहे, अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या बेट्स केसमधल्या निकालापासून.

उपयोगाबद्दल फार लिहीत नाही. मान म्हणजे लायसन्स नाही, त्यावरून कुणी डोळे मिटून वकील नेमू नये. यात खरी उणीव आहे ती वेगळीच, मोठ्या फर्मकडे मार्केटिंगची माणसं असतात, ती आठवण करून करून नावं पाठवायला लावतात, आणि दोन-तीन वकिलांच्या ऑफिसातल्या ज्युनिअरचं नाव सुचवायला कुणाला सुचतच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी स्वतः फॉरवर्ड केला असता.

त्या पेन ड्राइव्हवाल्या मुलीचं नाव मी सुचवलं होतं. तिचं ऑफिस असंच लहान आहे. त्या वर्षी यादीत आलं नाही. यंदा फॉर्म उघडला की परत देणार आहे.