आरोपी नंबर शेवटचा

मृग लागला की गोव्यात दोन गोष्टी हटकून बंद पडतात, वीज आणि जुनी मोटारसायकल. वीज निदान आपली आपण परत येते. मोटारसायकलीला किका मारून पाय भरून आले की अंगणात माणसं जमतात. नाक्यावरचा पिवळ्या मडगार्डचा पायलट (म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला), शेजारचे भाऊ, बांगडे घेऊन दारावर आलेली बाईसुद्धा. सगळ्यांचं निदान एकच, "कार्बोरेटरांत कोयर आसतलो!" कोयर म्हणजे कचरा.

माझं म्हणणं इतकंच, की हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या या आरोपीला, कार्बोरेटरला, सगळ्यात शेवटी धरावं.

आधी टाकीचं झाकण बघा. त्यात हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते चिखल-गंजाने बुजलं की पेट्रोल खाली उतरेल तशी वर पोकळी धरते आणि पुरवठा आटतो. गाडी तीन-चार किलोमीटर गुणी बाळासारखी चालते आणि मग नेमकी बोरीच्या पुलावर मान टाकते. झाकण उघडताच 'फुस्स' आवाज येऊन ती पुन्हा चालू झाली, तर खटला तिथेच निकाली.

मग पाणी. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला निचऱ्याचा स्क्रू असतो, तो सैल करून दोन-चार चमचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा मण्यासारखे थेंब दिसले तर ते पाणी. आताच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्याला पाण्याचा भारी लळा. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलशी काडीमोड घेतात आणि टाकीच्या तळाशी बिऱ्हाड करतात. कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, पेट्रोल ओढतो तेही तळाजवळूनच, रिझर्व्हवर तर अगदी खालून. (बाटली फेणीची असेल तर काम झाल्याबरोबर रिकामी करा. चवथीला पाहुणे येतात.)

प्लग काढून पाहा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर उत्तम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त. प्लगच्या टोपणात पाणी शिरलेलं असताना कार्बोरेटर उघडणारे मेकॅनिक याच भूमीत राहतात, हे सांगून ठेवतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच पाना हातात घ्या. तेही गाडी कुठे अडते ते बघून. अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीवर टेपची पट्टी लावून खुणा करा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी. पाव मुठीपर्यंत अडखळली तर पायलट जेट (नाक्यावरच्या पायलटशी याचं नातं नाही), मधल्या टप्प्यात कार्बोरेटरमधली सुई, पूर्ण मुठीत मेन जेट. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका, ओढल्यावर गाडी सुधारते का? मग पेट्रोल कमी पडतंय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी जोड तडकून चोरून हवा घेतोय. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला की चोर सापडला. आणि मिकुनी या जपानी कंपनीच्या धर्तीच्या कार्बोरेटरात चोक ओढून रेस देऊ नका. तो चोक मूठ बंद असतानाच्या ओढीवर चालतो. मूठ पिळली की तो संपावर जातो आणि आपण किका मारत बसतो.

महिनाभर उभी राहिलेल्या गाडीत मात्र आरोपी खरा असतो. वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकटा पायलट जेटमध्ये बसतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते शिवणाच्या सुईने टोकरणाऱ्याला मी माफ करणार नाही. जेट पितळेचा, सुई पोलादाची, भोक एकदा मोठं झालं की जेटच बदला. क्लीनर मारा, मऊ तांब्याच्या वायरीची एकच तार घाला, उजेडाकडे धरून गोल दिसतंय का बघा. क्लीनर मारण्याआधी रबरी रिंगा बाजूला काढा, नाहीतर त्या वड्यासारख्या फुगतात आणि वाटी बसता बसत नाही.

बाजूच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीला हलकेच टिचकी द्या. वाटीतल्या तरंगत्या फ्लोटची पेट्रोल अडवणारी सुई अडकलेली असते, ती बऱ्याचदा तेवढ्यावर समजते. सुईच्या टोकाला कडं पडलं असेल तर नवी घाला. आणि गाडी उभी करताना कॉक बंद, रोज.

शेवटी हवेचा स्क्रू. इंजिन दहा मिनिटं गरम करा. स्क्रू टेकेपर्यंत हलक्या हाताने आत, करकचून नाही. तिथून दीड फेरा बाहेर, मग पाव-पाव फेऱ्याने जिथे आवाज सगळ्यात चढतो तिथे थांबा आणि आयडलिंग खाली आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. इथे उलटसुलट झालं की माणूस दिवसभर घड्याळाच्या काट्यासारखा फिरत राहतो.

गाडी टुकटुकू लागते. तुम्ही फक्त झाकणाचं भोक साफ केलेलं असलं, तरी नाक्यावरचा पायलट मान हलवून म्हणतोच, "हांवें सांगिल्लें न्हय, कोयर आशिल्लो म्हण!"